फोनची बॅटरी, कंपन्यांची मर्जी आणि कायद्यातल्या पळवाटा

फोन तीन वर्षांत म्हातारा होतो, हे आता सगळ्यांनी मान्यच करून टाकलंय. पण तीन वर्षं वापरलेला फोन उघडून पाहिला तर आतला प्रोसेसर पहिल्या दिवशी होता तसाच असतो. मेमरी धडधाकट असते. स्क्रीन फुटली नसेल तर तीही उत्तम असते. थकलेली असते ती फक्त बॅटरी. फोनमधला वापरून संपणारा हा एकच मोठा भाग आणि नेमका तोच बदलणं सगळ्यात अवघड करून ठेवलंय. यामागे तांत्रिक नाइलाज फार थोडा आहे. बाकी सगळी कंपन्यांची मर्जी आहे आणि जिथे सरकारांनी जोर लावला तिथे ती मर्जी बदललेली दिसते.

आधी बॅटरी थकते म्हणजे काय होतं ते पाहू, कारण पुढचं सगळं राजकारण त्यावरच उभं आहे. लिथियम-आयन बॅटरीत चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात आणि वापरताना तिथून परत येतात. या जा-ये मध्ये ग्राफाइटवर एक पातळ थर साचत जातो. तो थर थोडं लिथियम कायमचं अडकवून ठेवतो आणि आयनांची वाटही अरुंद करतो. म्हणजे दोन नुकसानं एकदम होतात. साठा कमी होतो आणि अंतर्गत रोध वाढतो. लोकांना पहिलं नुकसान कळतं, कारण फोन संध्याकाळपर्यंत टिकत नाही. दुसरं कळत नाही आणि खरा त्रास त्याचाच असतो. टाकीत पाणी आहे, पण पाइपात गाळ साचलाय, अशी ती अवस्था असते.

आकड्यांत सांगतो. समजा बॅटरी २५ टक्क्यांवर आहे आणि व्होल्टेज ३.७ आहे. कॅमेरा उघडला, फ्लॅश पडला आणि फोनने क्षणभर ३ अँपिअर ओढले. नव्या बॅटरीचा रोध ०.०५ ओहम धरला तर व्होल्टेज ०.१५ ने पडेल, ३.५५ उरेल, काहीच बिघडणार नाही. जुन्या बॅटरीचा रोध ०.१५ ओहम झाला असेल तर तेच व्होल्टेज ०.४५ ने पडून ३.२५ वर येईल. बहुतेक फोन ३ ते ३.४ व्होल्टच्या मधे कुठेतरी हात टेकतात आणि बंद पडतात. थंडीत रोध आणखी वाढतो, म्हणून गार हवेत जुना फोन ३० टक्क्यांवरून थेट काळा होतो. चार्जर लावला की पुन्हा २८ टक्के दाखवतो. लोकांना वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, बॅटरीला तेवढा झटका झेपत नसतो.

२०१७ चं ॲपल प्रकरण इथूनच सुरू झालं. जुने आयफोन असे अचानक बंद पडू लागले, तेव्हा ॲपलने जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या आयओएस १०.२.१ मध्ये (आयओएस म्हणजे आयफोनची मूळ प्रणाली) उपाय केला. बॅटरी थकलेली असेल तर प्रोसेसरचा वेग खाली आणायचा, म्हणजे एकदम जास्त विद्युतप्रवाह लागणार नाही. अभियांत्रिकी म्हणून हा उपाय चुकीचा नव्हता. बंद पडणाऱ्या फोनपेक्षा हळू चालणारा फोन बरा. चूक होती ती न सांगण्याची. फोन हळू झाला की माणूस नवा फोन घेतो. त्याला 'तुझी बॅटरी बदल, फोन पूर्ववत होईल' एवढं सांगितलं असतं तर फोन आणखी दोन वर्षं आरामात चालला असता. कंपनीने हे डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं, तेही वापरणाऱ्यांनी वेगाच्या चाचण्या करून पुराव्यासकट समोर ठेवल्यावर. पुढे २०२० मध्ये फ्रान्सने अडीच कोटी युरोचा दंड केला, त्याच वर्षी अमेरिकेत सामूहिक दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली आणि नोव्हेंबरमध्ये तिथल्या राज्यांबरोबर ११ कोटी ३० लाख डॉलरची आणखी एक. आज सेटिंगमध्ये बॅटरीची टक्केवारी दिसते, ती याच गदारोळामुळे. आपणहून कुणी दाखवली नव्हती.

हाच प्रश्न आता गूगलच्या फोनमध्ये नव्या रूपात आलाय. जानेवारी २०२५ मध्ये पिक्सेल ४ए ला एक अपडेट आपोआप आलं आणि काही फोनांची वापरता येणारी बॅटरी क्षमता कमी करण्यात आली. जुलै २०२५ मध्ये पिक्सेल ६ए ला ४०० सायकलनंतर (एकूण १०० टक्के बॅटरी वापरून झाली की एक सायकल) क्षमता आणि चार्जिंगचा वेग कमी करणारं सक्तीचं अपडेट आलं. कारण बॅटरी जास्त तापण्याचा धोका. पिक्सेल ९ए मध्ये तर ही व्यवस्था पहिल्यापासूनच आहे: २०० सायकलपासून १००० सायकलपर्यंत चार्जिंगचं कमाल व्होल्टेज टप्प्याटप्प्याने खाली येतं आणि ते बंद करता येत नाही. पेटू शकणाऱ्या बॅटरीवर मर्यादा घालायलाच हवी, त्यात दुमत नाही. ४ए आणि ६ए साठी बॅटरी बदलून देण्याचा पर्यायही ठेवला होता, तो योग्यच. पण ९ए सारख्या नव्या फोनमध्ये हे आधीपासून योजलेलं असेल, तर जाहिरातीतला क्षमतेचा आकडा पहिल्या काही महिन्यांपुरताच खरा, हे ग्राहकाला खोक्यावर ठळक दिसायला हवं.

आता बॅटरी टिकवायची कशी. यावर सल्ल्यांचा पाऊस असतो, पण खरोखर फरक पडतो तो दोनच गोष्टींनी: उष्णता आणि वरच्या व्होल्टेजवर घालवलेला वेळ. पूर्ण चार्ज झालेला सेल आजच्या फोनमध्ये ४.४ व्होल्टच्या आसपास असतो आणि त्या ताणाखाली आतलं रसायन लवकर बिघडतं. त्यात भर म्हणून उशीखाली, गाडीच्या काचेमागे किंवा जाड कव्हरमध्ये तापला की झालंच. म्हणून ज्यांचा फोन दिवसभर टेबलावर चार्जरलाच असतो त्यांनी ८० टक्क्यांची मर्यादा लावावी. आयफोन १५ पासून, पिक्सेलमध्ये आणि सॅमसंगमध्ये ती सोय आहे. ज्यांचा फोन रात्री आठलाच मान टाकतो त्यांनी खुशाल १०० टक्के भरावा. बॅटरी वाचवण्यासाठी दिवसभर अर्धपोटी फोन बाळगणं हा उलटा व्यवहार आहे.

फास्ट चार्जिंगची भीती मात्र अनाठायी आहे. चार्जर सुरुवातीला स्थिर प्रवाह देतो, बॅटरी कमाल व्होल्टेजला पोचली की व्होल्टेज स्थिर ठेवून प्रवाह कमी करत नेतो. म्हणूनच शेवटचे २० टक्के रेंगाळतात. वेग स्वतः बॅटरी मारत नाही, वेगातून येणारी उष्णता मारते. चार्ज होत असताना गेम खेळणं त्यामुळेच वाईट. वायरलेस चार्जिंगमध्ये फोन पॅडवर जरा सरकून बसला तरी बरीच ऊर्जा उष्णतेत जाते, रात्रभर असा ठेवलेला फोन सकाळी कोमट लागतो. 'आधी पूर्ण उतरवा, मग भरा' हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला आहे, तो विसरून जा. फोन महिनोन् महिने कपाटात ठेवायचा असेल तर अर्धा चार्ज करून, बंद करून, गार जागी ठेवा.

सायकल म्हणजे चार्जर लावण्याची संख्या नव्हे. आज ५० टक्के वापरले, उद्या ५० टक्के, तर दोन दिवसांत एक सायकल झाली. ॲपलच्या म्हणण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या फोनची बॅटरी ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखते आणि १५ पासून पुढची १००० सायकलनंतर. ८० टक्के ही बदलायची वेळ धरतात, पण माझ्या मते नुसत्या त्या आकड्यावर जाऊ नये. फोन ८२ टक्के दाखवतोय पण २० टक्क्यांवर अचानक बंद पडतोय, तर बॅटरी बदला, कारण रोध वाढलाय. उलट ७८ टक्के आहे, फोन दिवसभर टिकतो, कुठेही अडत नाही, तर राहू द्या.

फुगलेली बॅटरी ही एकच गोष्ट अशी आहे जिथे थांबायचं नाही. स्क्रीनची कड उचललेली दिसली, मागचं झाकण फुगीर लागलं, टेबलावर ठेवल्यावर फोन डुलायला लागला, तर आत वायू साठलाय. चार्ज करू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचून हवा काढणं तर अजिबात नको. फोन बंद करून जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि लवकरात लवकर जाणकाराकडे द्या.

बॅटरी बदलताना काय होतं हे स्वतः बदलणाऱ्यालाच नाही, दुसऱ्याकडून बदलून घेणाऱ्यालाही माहीत असावं. फोन आधी २५ टक्क्यांच्या खाली उतरवून बंद करायचा, कारण भरलेल्या सेलला चुकून धक्का लागला तर पेटण्याचा धोका जास्त. मग कडेला ऊब देऊन डिंक मऊ करायचा. इथे पहिली चूक होते: घाईत प्लास्टिकची पट्टी खोल खुपसली जाते आणि स्क्रीनची किंवा बटणांची पातळ केबल कापली जाते. पट्टी काही मिलिमीटरपलीकडे जाता कामा नये आणि केबल कोणत्या बाजूला आहे हे त्या मॉडेलचं चित्र पाहूनच ठरवायचं. उघडल्यावर बाकी कशालाही हात लावायच्या आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. तो न काढता स्क्रीनची केबल ओढली की बॅकलाइटचा फ्यूज उडालेला फोन हाती येतो.

दुसरी चूक स्क्रूंची. आतले स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबीत मिलिमीटरच्या दशांशांचा फरक असतो. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो थेट फोनच्या मुख्य सर्किट बोर्डात घुसतो आणि आतले तांब्याचे थर कापतो. बॅटरी बदलायला दिलेला फोन कायमचा बंद होऊन परत येतो त्यामागे पुष्कळदा हाच स्क्रू असतो. कागदावर फोनची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटवून ठेवावा, याहून सोपा उपाय नाही.

मग बॅटरीखालचा डिंक. ओढून निघणाऱ्या पट्ट्या असतील तर त्या अगदी आडव्या धरून, सावकाश, एकाच वेगाने ओढायच्या. वर उचलून ओढल्या की तुटतात. तुटल्याच तर ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब कडेने सोडून दोन मिनिटं थांबायचं आणि प्लास्टिकच्या पट्टीने किंवा दोऱ्याने हळूहळू सोडवायचं. धातूचं काहीही वापरायचं नाही, बॅटरी वाकवायची नाही. एकदा वाकलेली बॅटरी परत बसवायची नाही. नवी बसवल्यावर १०० टक्के चार्ज करून आणखी तास-दोन तास चार्जरवर ठेवा, मग बंद पडेपर्यंत वापरा आणि सलग १०० पर्यंत भरा. त्याने बॅटरी नव्हे, टक्केवारी मोजणारी चिप जुळून येते. आणि पाण्यापासूनचं संरक्षण नवी गॅस्केट (कडेची रबरी पट्टी) लावूनही पूर्वीइतकं राहील असं धरून चालू नका.

नवी बॅटरी घेताना एक खूण पक्की: त्याच आकारात मूळपेक्षा खूप जास्त एमएएच छापलेले असतील तर ती सोडा. उत्पादनाची तारीखही बघा. दोन वर्षं गोदामात पडलेली बॅटरी न वापरताही म्हातारी झालेली असते.

कंपन्या सांगतात की झाकण चिकटवलं नाही तर फोनमध्ये पाणी शिरेल. सॅमसंगचा गॅलेक्सी एस५ २०१४ मध्ये आला, मागचं झाकण नखाने निघायचं, बॅटरी हाताने बदलता यायची आणि फोनला आयपी६७ हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा होता. त्याच कंपनीचा एक्सकव्हर६ प्रो २०२२ मध्ये निघणाऱ्या बॅटरीसह आयपी६८ घेऊन आला. रबरी गॅस्केटमुळे फोन थोडा जाड होतो, हे खरं. तेवढी जाडी कॅमेऱ्याच्या उंचवट्यात आपण रोज खिशात घेऊन फिरतोच. ॲपलने आयफोन १६ मध्ये विजेने सुटणारा डिंक आणला: ९ व्होल्टची साधी बॅटरी लावली की सुमारे दीड मिनिटात तो पकड सोडतो. इतकी चांगली कल्पना इतकी वर्षं कुणाला सुचली नाही, यावर विश्वास ठेवणं कठीण आहे. युरोपात नियम जवळ आले तशी ती सुचली, असं मला वाटतं.

पण डिंक हा जुना अडसर झाला. नवा अडसर सॉफ्टवेअरचा आहे. आयफोनसारख्या फोनमधले भाग अनुक्रमांकाने बोर्डाशी जोडलेले असतात. बॅटरी बदलली की 'अनोळखी भाग' असा संदेश येतो आणि आधी तर तिची टक्केवारीही दिसेनाशी व्हायची. भाग अस्सल असला, दुसऱ्या फोनमधून काढलेला असला, तरीही बराच काळ हेच व्हायचं. मग कारागीर काय करतात? जुन्या बॅटरीवरचं छोटं नियंत्रक सर्किट कापून घेतात आणि नव्या सेलवर स्पॉट-वेल्डिंग करतात, म्हणजे फोनला जुनी ओळख दिसते. त्यात जुनी सायकलसंख्याही येते, म्हणून ती प्रोग्रामर नावाचं यंत्र लावून पुसतात आणि १०० टक्के करतात. दुसऱ्या हाताचा फोन घेताना १०० टक्के बॅटरी पाहून भुलू नका, तो आकडा लिहिलेला असू शकतो. भाग जुळवण्याची अधिकृत सोय सगळ्यांना मोकळी असती तर सेलवर वेल्डिंग करण्याचा हा धोकादायक खटाटोप कुणी कशाला केला असता?

कंपनी कुठे खरी अडते तेही याच मुद्द्यावर दिसलं. कॅलिफोर्नियाच्या दुरुस्ती कायद्याला ॲपलने २०२३ मध्ये जाहीर पाठिंबा दिला. तो कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला आणि त्यात १०० डॉलर किंवा जास्त किमतीच्या उपकरणांचे भाग सात वर्षं मिळण्याची अट आहे. मात्र भाग असे अनुक्रमांकाने जोडण्यावर बंदी त्यात नव्हती. अमेरिकेतल्याच ओरेगन राज्याने २०२४ मध्ये ती घातली, तेव्हा त्याच ॲपलने विरोध केला. गूगलने ओरेगनच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता, हेही नोंदवायला हवं. ओरेगनची बंदी १ जानेवारी २०२५ नंतर बनलेल्या उपकरणांना लागू आहे. अशा जोडणीसाठी दिलं जाणारं सुरक्षेचं कारण बोटाच्या ठशाच्या सेन्सरपुरतं मला पटतं. बॅटरीला कसली गुपितं राखायची असतात?

न्यूयॉर्कचा दुरुस्ती कायदा २०२२ च्या डिसेंबरमध्ये सही होताना इतका पातळ झाला की १ जुलै २०२३ आधीची उपकरणं त्यातून सुटली आणि सुटा भाग देण्याऐवजी अख्खी जुळणी (अनेक भागांचा एकत्र संच) देण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. विधेयक मंजूर झालं की बातमी होते, पण ते ज्या रूपात लागू होतं ते वाचायला कुणी बसत नाही. कंपन्यांचे प्रतिनिधी तिथेच काम करतात.

युरोपीय संघाचे नियम सध्या सगळ्यांत भक्कम आहेत. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोन आणि टॅबलेटच्या बॅटरीने ८०० सायकलनंतर किमान ८० टक्के क्षमता राखली पाहिजे. महत्त्वाचे सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं, मागणीनंतर ५ ते १० कामाच्या दिवसांत मिळाले पाहिजेत. पळवाटही त्यातच आहे. बॅटरी ५०० सायकलनंतर ८३ टक्के आणि १००० सायकलनंतर ८० टक्के राखत असेल आणि फोन धुळीपासून व एक मीटर पाण्यात अर्ध्या तासापर्यंत सुरक्षित असेल, तर ती ग्राहकाला स्वतः बदलता येण्याची अट सुटते, व्यावसायिकाला बदलता आली की पुरे. महागडे फोन बहुतेक या दारातून बाहेर पडतील. टिकाऊ बॅटरीला बक्षीस द्यायला माझी हरकत नाही. पण प्रयोगशाळेतल्या १००० सायकली आणि उन्हातल्या १००० सायकली सारख्या नसतात. टिकाऊपणा बदलता येण्याच्या जोडीला हवा होता, त्याच्या बदल्यात नको होता.

या नियमांचा एक फायदा मात्र जगात कुठेही बसून घेता येतो. युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या फोनला ऊर्जेचं लेबल लागतं आणि त्याची माहिती 'एप्रेल' नावाच्या सार्वजनिक नोंदवहीत कुणालाही मोफत पाहता येते. मॉडेलचं नाव टाका. किती सायकल टिकेल, एका चार्जवर किती तास चालेल, पडल्यावर टिकण्याचा दर्जा आणि दुरुस्तीसुलभतेचा दर्जा ए ते ई मध्ये काय, हे सगळं एका पानावर दिसतं. आकडे कंपन्यांनीच भरलेले असतात हे ध्यानात ठेवावं. ॲपलने चाचणीच्या पद्धतीत संदिग्धता असल्याचं सांगून स्वतःच्या फोनांचा ऊर्जा दर्जा ए वरून बी केला होता, त्यावरून त्या आकड्यांत किती वाव आहे ते समजतं. तरीही मॉडेल क्रमांक नेमका जुळतो ना हे पाहून, घ्यायच्या यादीतल्या दोन फोनांची सायकलसंख्या आणि दुरुस्तीचा दर्जा शेजारी ठेवून बघा. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा तीन वर्षांनी हेच आकडे कामाला येतात.

पुढची तारीख १८ फेब्रुवारी २०२७ आहे. युरोपच्या बॅटरी नियमानुसार त्या दिवसापासून बहुतेक छोट्या उपकरणांची बॅटरी ग्राहकाला बाजारात मिळणाऱ्या साध्या अवजारांनी, उष्णता किंवा द्रावक न वापरता काढता-बसवता आली पाहिजे आणि दुसरी सुसंगत बॅटरी बसवण्यात सॉफ्टवेअरने अडथळा आणता कामा नये. खरी कसोटी फोनपेक्षा इअरबडची लागेल. त्यातले इवलेसे सेल रोज दोन-तीनदा भरतात, लवकर थकतात आणि बहुतेक मॉडेलमध्ये कवच फोडल्याशिवाय आत जाताच येत नाही. म्हणून इअरबड घ्यायचेच असतील तर निदान सेल बदलून मिळतो का, डाव्या-उजव्याचा एकच सुटा मिळतो का आणि डबीची बॅटरी बदलता येते का, ही तीन उत्तरं विक्रेत्याकडून लेखी घ्या.